बाळाला भुई मिळू द्या

कराड, विटा, तासगाव अशा गावांतही आता मूल अडीच वर्षांचं झालं की नर्सरीचा प्रवेश, दप्तर आणि पेन्सिल यांची धावपळ सुरू होते. तीन वर्षांच्या पोराला अक्षर नीट काढता येत नाही म्हणून शिकवणी लावणारे पालक सातारा-सांगली पट्ट्यात कमी नाहीत. त्याच पोराचं पहिलं वर्ष कसं गेलं, हे कुणी विचारत नाही. दिवसातला किती वेळ ते झोळीत होतं, किती वेळ वॉकरमध्ये, किती वेळ कुणाच्या तरी मांडीवर मोबाईलसमोर, आणि किती वेळ जमिनीवर? पहिल्या वर्षात बाळाला जागेपणी रोज भरपूर वेळ भुईवर, मोकळ्या हातापायांनी मिळाला पाहिजे. ही शिक्षणाची पहिली गरज आहे, आणि ती भागवण्याची जबाबदारी जेवढी घराची तेवढीच आरोग्य खात्याची आणि अंगणवाडीची आहे. आज बाळाचं वजन होतं, उंची मोजली जाते, दंडघेर घेतला जातो. बाळ हलतं कसं, हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी थांबून बघत नाही.

तीन महिन्यांचं बाळ पालथं असताना नीट बघा. डोकं उचलायचं म्हणजे मानेचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागतात. मान टिकू लागली की भार कोपरांवर येतो. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत हात सरळ करून बाळ तळहातांवर छाती उचलतं. तळहातावर भार आला की मिटलेली मूठ उघडते, बोटं पसरतात, मनगट मागे वळायला शिकतं. त्यानंतर एका हातावर तोल ठेवून दुसऱ्या हाताने खुळखुळा ओढण्याची धडपड सुरू होते. अंगाचा भार एका बाजूला सरकवण्याची हीच युक्ती कुशीवर वळताना, बसल्यावर तोल सावरताना आणि रांगताना कामाला येते. पेन्सिल चालवायला स्थिर खांदा आणि किंचित मागे वळलेलं मनगट लागतं. त्यांची बांधणी शाळेच्या तीन वर्षं आधी सुरू झालेली असते.

हालचालीचा संबंध फक्त स्नायूंशी नाही. स्वतःहून सरकणाऱ्या बाळाला अंतर कळू लागतं. १९६० साली मानसशास्त्रज्ञ एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी जाड काचेखाली खोल कडा दिसेल अशी मांडणी करून बाळं काय करतात ते पाहिलं. पुढे जोसेफ कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या कड्याची धास्ती बाळाच्या नुसत्या वयावर ठरत नाही. रांगण्याचा अनुभव मिळालेली बाळं ती जास्त दाखवतात. कॅरन अॅडॉल्फ यांच्या गटाने २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोकळ्या खेळातली चाल मोजली. तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! चालणं हे असं शिकलं जातं: हजारो प्रयत्न, आणि प्रत्येक प्रयत्न थोडा वेगळा. मुलाला कुठल्याही साधनात अडकवून ठेवलं की ही पावलंही जातात आणि ते पडणंही जातं.

आपल्याकडे पालथं ठेवायला लोक घाबरतात, आणि त्या भीतीला कारण आहे. झोपताना बाळ उताणंच हवं, यात तडजोड नाही. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू साधारण निम्म्यावर आले. पण त्याच मोहिमेनंतर डोक्याची मागची बाजू चपटी झालेली बाळं जास्त दिसू लागली, कारण बाळ झोपेत आणि जागेपणीही सतत उताणंच राहू लागलं. नियम दोन आहेत आणि ते एकत्र सांगितले पाहिजेत: झोपेत उताणं, जागेपणी कुणीतरी समोर बसलेलं असताना पालथं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी घेण्याची गरज नाही. झोपलेल्या बाळाजवळ कुठलीच उशी नको. डोक्याला आकार यायचा तर आज डोक्याची बाजू पूर्वेला, उद्या पश्चिमेला असं बाळ फिरवून ठेवा, म्हणजे खिडकीकडे किंवा आईकडे बघताना मान दोन्हीकडे वळते. बाळ सतत एकाच बाजूला मान ठेवत असेल आणि दुसरीकडे वळवताना रडत असेल, तर मानेचा एक स्नायू आखडलेला असू शकतो. तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत दाखवला तर ताण देण्याच्या साध्या व्यायामाने बहुधा सुटतो. उशीर झाला की काम लांबतं.

पालथं ठेवायचं कसं, हे नीट सांगितलं नाही तर आई एकदा करून बघते, बाळ किंचाळतं आणि विषय तिथेच संपतो. सुरुवात भुईवरून करू नका. पहिल्या आठवड्यापासून आईने किंवा बापाने भिंतीला टेकून, थोडं मागे रेलून बाळाला आपल्या छातीवर पालथं घ्यावं. अंग तिरकं असल्यामुळे डोकं उचलायला कमी जोर लागतो आणि समोर ओळखीचा चेहरा असतो. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मग मांडीवर आडवं पालथं. मग जमिनीवर. दूध पाजल्यावर अर्धा तास जाऊ द्या. लंगोट बदलल्यानंतरची वेळ सगळ्यांत सोयीची. तीन महिन्यांच्या आसपास सगळं मिळून दिवसाला निदान अर्धा तास व्हावा, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही अजून सरकू न लागलेल्या बाळासाठी किमान ३० मिनिटांचाच आकडा आहे. तेच मार्गदर्शन सांगतं की बाळाला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त कशातही जखडून ठेवू नये, आणि पहिल्या वर्षात पडदा अजिबात दाखवू नये.

अंथरूण इथे फार महत्त्वाचं आहे. गादीवर ठेवलं की कोपरं रुततात, छाती उचलली जात नाही आणि नाक गादीत जातं. थेट फरशीवर ठेवलं की गुडघे आणि तळहात घसरतात, थंडीत अंग गार पडतं. चटईवर एक वाकळ दुहेरी अंथरली की बस. पायमोजे काढा, गुडघे उघडे ठेवा; रांगायला लागलेल्या बाळाला पायाच्या अंगठ्याने ढकलता आलं पाहिजे. बाळ लगेच दमत असेल तर पंचाची वळकटी करून काखेखाली, छातीच्या वरच्या भागाला आधार द्या आणि दोन्ही हात वळकटीच्या पुढे काढा. हात मागे राहिले तर वळकटीचा काही उपयोग होत नाही, उलट बाळ नाकावर येतं. खेळणं नाकासमोर न ठेवता थोडं बाजूला आणि डोळ्यांच्या जरा वर ठेवा. नवजात बाळाला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं, तेव्हा त्याच्यासाठी समोर आडवं पडलेल्या माणसाचा चेहरा हेच खेळणं. रडू लागलं तर कुशीवर वळवा, पाठ थोपटा, अर्ध्या मिनिटाने परत बघा. रडतंय तसं रेटू नका. रोजच्या दहा छोट्या खेपा एका मोठ्या खेपेपेक्षा जास्त देतात.

आपल्या जुन्या रीतींकडेही यासाठी डोळसपणे बघायला हवं. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय पसरून बसते, पायांवर बाळ पालथं घेते, पाठीवर तेल जिरवते आणि पाणी घालते. ते दहा मिनिटांचं पालथं असणं उत्तम आहे. उष्ण हात, घट्ट आधार, डोकं उचलायची संधी, सगळं त्यात आहे. पण त्यापाठोपाठ बाळाचे पाय धरून उलटं लोंबकळवणं, हात-पाय विरुद्ध दिशेने जोरात ओढून आवळणं, डोकं दाबून गोल करणं, नाकाकानात तेल सोडणं हे बंद झालं पाहिजे. तेलाने श्वासनलिकेत त्रास होतो आणि कोवळ्या सांध्यांना झटका सोसत नाही. दुपट्यात गुंडाळतानाही पाय सरळ करून गच्च बांधू नयेत. खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसायला मांड्या दुमडलेल्या आणि फाकलेल्या लागतात. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास पाय सरळ बांधण्याविरुद्ध मोहीम झाली आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण घटलं. आपली कडेवर घेण्याची पद्धत मात्र खुब्यांसाठी चांगली आहे. मान धरल्यानंतर बाळाचे पाय कमरेच्या दोन्ही बाजूंना टाकून घेतलं की सांध्याला हवी तीच ठेवण मिळते.

आता वॉकर. बारशाला किंवा उष्टावणाला आहेर म्हणून येणारं, चाकांच्या गोल चौकटीत बसवायचं ते साधन. बाळाला यात लवकर चालता येतं हा समज पूर्ण चुकीचा आहे. बाळ त्यात बुडावर टांगलेलं असतं, चवड्यांनी जमीन ढकलतं, स्वतःची पावलं त्याला दिसत नाहीत आणि तोल सावरण्याचं काम चौकट करते. वॉकर वापरलेली बाळं बसायला, रांगायला आणि चालायला उशिरा शिकल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापतं, म्हणजे आई ओरडून उठेपर्यंत ते सोप्याच्या पायरीवरून खाली किंवा शेगडीजवळ पोचलेलं असतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरची विक्री आणि आयातच बंद केली. आपल्याकडे ते प्रत्येक आठवडी बाजारात टांगलेले दिसतात आणि त्यांच्यावर कसलाही इशारा नसतो. राज्याने निदान विक्रीवर बंदीचा विचार करावा आणि तोवर प्रसूतीनंतर घरी सोडताना दवाखान्याने आईबापांना हे तोंडी सांगावं. पांगुळगाडा ही वेगळी गोष्ट आहे. तो बाळ उभं राहून मागून ढकलतं, भार स्वतःच्या पायांवर असतो, थांबायचं कधी हे बाळ ठरवतं. मात्र धरून उभं राहून कडेकडेने चालायला लागल्यावरच तो द्यावा, आणि चाकं सैल फिरत असतील तर त्यावर थोडं वजन ठेवावं, नाहीतर गाडा पुढे पळतो आणि हनुवटी फुटते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण या विषयावर आता शहरांत भरपूर पैसे घेणारे वर्ग निघाले आहेत. 'रांगलं नाही तर मूल वाचनात मागे पडेल' असं सांगून पालकांना घाबरवणं चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने, इतका मोठा फरक निरोगी मुलांत होता. शंभरातली चार मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बुडावर सरकलं, कुणी थेट उभं राहिलं. शेजारच्या बाळाशी आठवड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. ज्या वाटेने जायचं त्या वाटेने बाळ जाईल, आपण त्याला जागा आणि वेळ द्यायचा. उशा लावून चार महिन्यांच्या बाळाला बसवण्याची घाईही तशीच निरर्थक आहे. बसवलेलं बाळ वाकून बसतं, हात आधाराला अडकतात आणि पडलं की परत बसायचं कसं हे त्याला माहीत नसतं. स्वतः कुशीवरून उठून बसलेल्या बाळाला ते माहीत असतं.

काही खुणा मात्र वाट बघण्याच्या नाहीत. चौथा महिना उलटला तरी मान न धरणं, अंगठा आत घालून मूठ घट्ट मिटलेली राहणं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढून ताठ होणं किंवा सगळं अंग लुळं पडणं, नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय न बसणं, वर्षाच्या आतच फक्त एकाच हाताने वस्तू घेणं, दीड वर्षाला न चालणं, आणि आलेली गोष्ट पुन्हा विसरणं. वर्षाच्या आतला डावरेपणा किंवा उजवेपणा कौतुकाचा विषय नाही. दुसऱ्या बाजूचा हात अशक्त तर नाही ना हे तपासून घ्यावं लागतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय जन्मतारखेऐवजी अपेक्षित तारखेपासून मोजायचं, हे घरच्यांना सांगितलेलं नसतं आणि मग विनाकारण चिंता होते, किंवा खरी अडचण 'लवकर झालंय ना' म्हणून झाकली जाते. मेंदूच्या इजेमुळे येणारी अडचण सहाव्या महिन्यात लक्षात येणं आणि तिसऱ्या वर्षी लक्षात येणं यात मुलाच्या अख्ख्या आयुष्याचा फरक पडतो.

हे सगळं बघायची यंत्रणा कागदावर आपल्याकडे आहेच. प्रसूती दवाखान्यात झाली तर आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना भेटी आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही महाराष्ट्रातल्या पालघरमधून, आणि विकासातला विलंब हा त्याच्या चार मुख्य विषयांपैकी एक आहे. जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्राची, तरतूद आहे. २०२४ मध्ये केंद्राने जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'नवचेतना' आराखडा दिला. माता व बाल संरक्षण कार्डावर बाळाच्या हालचालींची चित्रं छापलेली आहेत. लसीचं पान भरलेलं आणि हे पान कोरं, असं कार्ड घरोघरी सापडेल.

अंगणवाडी सेविकेवर आधीच माहिती भरण्याचा बोजा आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणून नवी नोंदवही नको. काम लसीकरणाच्या दिवशीच करता येतं. ६, १० आणि १४ आठवडे आणि ९ महिने, या चार वेळा जवळपास प्रत्येक बाळ उपकेंद्रावर येतं. रांगेत थांबलेलं असताना, टोचण्याच्या आधी, सतरंजीवर दोन मिनिटं पालथं ठेवून बघावं. आधीच बघायचं, कारण सुई मांडीत बसते आणि दुखऱ्या मांडीने बाळ हलत नाही. सहा आठवड्यांना डोकं एका बाजूकडून दुसरीकडे वळवतं का. चौदा आठवड्यांना कोपरांवर येऊन डोकं उचलून धरतं का आणि मुठी उघडतात का. नऊ महिन्यांना बसून दोन्ही बाजूंना हात पोचवतं का. एवढंच. टोचल्यावर आईला अर्धा तास थांबायचं असतंच, त्या वेळात एएनएमने (उपकेंद्रातल्या परिचारिकेने) किंवा आशाताईंनी वळकटी आणि चटईचा प्रयोग करून दाखवावा, तोंडी सल्ला देऊन भागत नाही. शंका आली तर त्याच कार्डावर खूण आणि पुढच्या आठवड्यात तपासणी. अंगणवाडीतही तीन वर्षांखालच्यांसाठी खोलीचा एक कोपरा खुर्च्या-पोत्यांपासून मोकळा ठेवावा. घरी जागा नसलेल्या आयांना आठवड्यातून दोनदा तिथे येता आलं तरी खूप.

सगळ्यांत अवघड प्रश्न आपल्याच उसाच्या फडात आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला मराठवाड्यातून, आणि जतसारख्या आपल्याच दुष्काळी तालुक्यातूनही, ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या टोळ्या येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटेच कोपीतून (तात्पुरत्या झोपडीतून) निघायचं, बांधावरच्या झाडाला झोळी बांधायची, बाळ त्यात. झोळीत तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. मोठं बाळ उठून बसायला गेलं की कापडात अडकतं. पाच-सहा महिने जवळपास दिवसभर असंच गेलं, तर पालथं पडण्याचं, सरकण्याचं, रांगण्याचं वयच झोळीत निघून जातं. यात आईचं काही चुकत नाही. खाली ठेवलं तर पाचटाने अंग कापतं, साप निघतो, ट्रॅक्टर मागे येतो. बऱ्याचदा सांभाळायला आठ-दहा वर्षांची मोठी बहीण शाळा सोडून थांबते, म्हणजे एका झोळीपायी दोन मुलांचं शिक्षण जातं.

१९४८ च्या कारखाना कायद्याने ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्यावर पाळणाघराची जबाबदारी टाकली होती. ऊस तोडणारी बाई मुकादमाच्या (मजूर आणणाऱ्या ठेकेदाराच्या) टोळीत मोजली जाते, कारखान्याच्या हजेरीपटावर तिचं नाव नसतं, त्यामुळे तिच्या बाळाला त्या तरतुदीचा कधी फायदा झाला नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ केलं आहे आणि त्यासाठी टनामागे रक्कम जमा करण्याची व्यवस्था आहे. पाळणाघरांवर खर्च करायला तिथे आधार आहे. सहा महिन्यांवरच्या बाळांसाठी तळावरच, कोप्यांजवळ, दहा बाळांमागे दोन पगारी बाया असं पाळणाघर चालू शकतं. त्याखालच्या तान्ह्यांना आईजवळच ठेवावं लागतं, त्यांना दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजायचं असतं. त्यांच्यासाठी बांधावर आठ बाय आठ फुटांची जागा पाचट काढून साफ करायची, वर सावलीला एक ताडपत्री, खाली दुसरी, तिच्यावर चटई आणि वाकळ, आणि टोळीतल्याच एका वयस्क बाईला कोयत्याइतकी मजुरी देऊन तिथे बसवायचं. फड रोज बदलतो, म्हणून सामान टायरगाडीत गुंडाळून नेता येईल एवढंच असावं. उचल (आगाऊ रक्कम) देताना मुकादमाच्या करारात कोयत्यांची संख्या लिहिली जाते. त्याच कागदावर वर्षाखालची किती बाळं येणार हा एक रकाना वाढवला, तर ताडपत्र्या, चटया आणि त्या बायांच्या मजुरीची तरतूद कारखान्याच्या शेती विभागाला बॉयलर पेटण्याआधीच करता येईल.